फोटो उघडतात, पण आहेत कुठे?

डोळ्यांसमोर एक घर आणा. बंगळूरच्या कोरमंगला भागातले, सहाव्या ब्लॉकमधले, दुसऱ्या मजल्यावरचे. सांगलीहून निवृत्तीनंतर मुलाकडे राहायला आलेले आजोबा, नोकरी करणारे मुलगा-सून आणि शाळेत जाणारी नात. आजोबांना वेळ भरपूर. मुलाने आपल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालून दिले आणि आजोबांनी एक मोठे काम अंगावर घेतले. घरातल्या ट्रंकेत पडून असलेले सारे फोटो स्कॅन करून संगणकात ठेवायचे.

वर्षभरात बाराशे फोटो झाले. मग अल्बम लावायची वेळ आली आणि अडचण उभी राहिली. मुंजीचा एक फोटो. त्यात बटू आहे, मागे सांगलीचा वाडा आहे आणि कोपऱ्यात आजोबांची आई उभी आहे. आईचा तेवढा एकच फोटो. आता तो 'मुंज' अल्बममध्ये ठेवायचा, 'वाडा'मध्ये ठेवायचा की 'आई'मध्ये? आजोबांनी तीन प्रती काढायला घेतल्या, तेव्हा सून म्हणाली, "बाबा, तीन-तीन प्रती कशाला? जागा फुकट जाईल. लिंक करा की!" तिने आज्ञा शिकवली. दोन दिवसांत सारे अल्बम तयार झाले.

पुढे आजोबांनी एक नवी बाहेरची डिस्क आणली, 'अल्बम' फोल्डर तिच्यावर उतरवले आणि डिस्क लॅपटॉपला जोडलेली असतानाच दोन-चार फोटो उघडून पाहिले. सारे व्यवस्थित. "झालं काम! आता रविवारी लॅपटॉप पुसून नातीला देऊन टाकू," त्यांनी जाहीर केले.

सुनेने सहज विचारले, "कॉपी व्हायला किती वेळ लागला, बाबा?"

"वेळ कसला लागतोय? डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं!"

सून थबकली. तिने ती डिस्क स्वतःच्या लॅपटॉपला लावली. बाराशे नावे दिसली. फोटो मात्र एकही उघडेना. आजोबांनी नव्या डिस्कवर फोटो नव्हे, फोटोंच्या पत्त्याच्या चिठ्ठ्या उतरवल्या होत्या. त्या चिठ्ठ्या जुन्या लॅपटॉपकडे बोट दाखवत होत्या, म्हणूनच तो जोडलेला असेपर्यंत सारे ठीक दिसत होते. रविवार उजाडला असता, तर आईचा तो फोटो कायमचा गेला असता.

हे घर कल्पनेतले आहे, चूक मात्र नवशिक्यांच्या हातून नेहमी होणारी आहे. ती टाळायची तर एकच गोष्ट नीट समजून घ्यावी लागते : लिंक म्हणजे प्रत नव्हे.

नाव वेगळे, वस्तू वेगळी

फाईलचे नाव म्हणजेच फाईल, असा आपला समज असतो. लिनक्समध्ये तसे नाही. डिस्कवरच्या प्रत्येक फाईलला एक क्रमांक असतो. त्याला आयनोड म्हणतात. फाईल केवढी, कोणाच्या मालकीची, तिचा मजकूर डिस्कवर नेमका कुठे आहे, हे सारे या आयनोडमध्ये नोंदलेले असते. नाव मात्र तिथे नसते. नाव असते फोल्डरमध्ये. फोल्डर म्हणजे नाव आणि क्रमांक यांच्या जोड्यांची एक यादी.

याचाच फायदा घेऊन एकाच क्रमांकापुढे दोन नावे लिहिता येतात. ही झाली हार्ड लिंक. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचे शाळेच्या दाखल्यावर माहेरचे नाव असते आणि बँकेच्या पासबुकावर सासरचे. नावे दोन, बाई एकच. यातले मूळ नाव कुठले आणि लिंक कुठली, हा प्रश्नच उरत नाही. दोन्ही नावे सारख्याच अधिकाराची. एक नाव पुसले तरी दुसऱ्या नावाने फाईल शाबूत राहते. शेवटचे नाव पुसले गेले आणि कोणताही प्रोग्रॅम ती फाईल वापरत नसला, की मगच डिस्कवरची जागा मोकळी होते.

सिम्बॉलिक लिंकचा प्रकार निराळा. ती स्वतंत्र, चिमुकली फाईल असते आणि तिच्यात दुसऱ्या फाईलचा पत्ता लिहिलेला असतो, बस्स. कोरमंगलात राहणाऱ्यांना हे चटकन समजेल. इथे पत्ता सांगायचा तर ब्लॉक, मेन आणि क्रॉस सांगावा लागतो. सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल यांनी २००७ मध्ये फ्लिपकार्ट सुरू केली ती याच कोरमंगलातल्या एका सदनिकेत. पुढे कंपनी वाढली, कचेरी दुसरीकडे गेली. तो पहिला पत्ता कुणी कागदावर लिहून ठेवला असेल, तर तो कागद आजही त्याच दारापर्यंत नेईल. आत आता कोण राहते, हे कागदाला ठाऊक नसते. सिम्बॉलिक लिंकचेही तसेच आहे. मूळ फाईल हलवली किंवा तिचे नाव बदलले, तर लिंक तुटते. त्याच जागी त्याच नावाची दुसरी फाईल ठेवली, तर लिंक चूपचाप तिच्याकडे नेते.

आठ वर्षे नव्हे, बारा वर्षांचे अंतर

या दोन बहिणी एका वयाच्या नाहीत. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी घडवलेल्या युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या माहितीपुस्तिकेत हार्ड लिंकची आज्ञा आहे. पण हार्ड लिंक एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर जाऊ शकत नाही, कारण प्रत्येक डिस्कचे आयनोड क्रमांक तिचे स्वतःचे. फोल्डरचीही हार्ड लिंक सहसा करता येत नाही. ही अडचण सिम्बॉलिक लिंकने दूर केली. बर्कली विद्यापीठाच्या ४.२ बीएसडी या आवृत्तीबरोबर ती १९८३ मध्ये सर्वत्र पोहोचली.

लिनस टॉरवल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स सुरू केले तेव्हा हा वारसा त्यातही आला. भारतातल्या घराघरांत लिनक्स पोहोचवण्यात बंगळूरच्या अतुल चिटणीस यांचा मोठा वाटा. बर्लिनमध्ये जन्मलेल्या आणि बेळगावात अभियांत्रिकी शिकलेल्या चिटणीसांनी 'पीसी क्वेस्ट' मासिकातर्फे १९९६ पासून लिनक्सच्या सीडी वाचकांच्या हाती दिल्या. २००१ मध्ये सुरू झालेल्या 'लिनक्स बंगलोर' या मेळाव्यामागेही तेच होते. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले.

विंडोजवाल्यांनी 'हे आमच्यासाठी नाही' असे म्हणू नये. विंडोज ९५ पासून पडद्यावर दिसणारा शॉर्टकटही एक चिठ्ठीच आहे. पडद्यावरचे शॉर्टकट पेन ड्राइव्हवर उतरवून 'कागदपत्रे घेतली' म्हणत निघालेली माणसे आजोबांचीच भावंडे.

आधी सराव करा

खऱ्या फोटोंना हात लावण्यापूर्वी 'सराव' नावाचे रिकामे फोल्डर करा. त्यात चार ओळींची एक साधी फाईल ठेवा. आता टर्मिनल उघडा. पुढच्या साऱ्या आज्ञा लहान इंग्रजी अक्षरांत टंकायच्या आहेत.

हार्ड लिंकसाठी : एलएन, मग जुने नाव, मग नवे नाव. सिम्बॉलिक लिंकसाठी : एलएन -एस, मग जुने नाव, मग नवे नाव. क्रम पाठ करून टाका. जे आहे ते आधी, जे करायचे ते नंतर.

आता एलएस -एल ही आज्ञा द्या. सिम्बॉलिक लिंकच्या ओळीचे पहिले अक्षर 'एल' असते आणि नावापुढे बाण काढून पत्ता दाखवलेला असतो. हार्ड लिंक अशी वेगळी ओळखू येत नाही. पण ओळीतल्या दुसऱ्या रकान्यात आकडा असतो, तो त्या फाईलला किती नावे आहेत ते सांगतो. एकाच्या जागी २ दिसले, की समजावे दुसरे नाव कुठेतरी आहे. एलएस -आय दिले, तर आयनोड क्रमांकही दिसतात. दोन्ही नावांपुढे एकच क्रमांक पाहिला, की सारे मनात पक्के बसते.

मग मूळ फाईल पुसून बघा. हार्ड लिंक उघडेल, सिम्बॉलिक लिंक उघडणार नाही. पाच मिनिटांचा हा खेळ पाच पाने वाचण्यापेक्षा अधिक शिकवतो.

धोके कुठे आहेत?

पहिला धोका घाईचा. नवे नाव आधीच वापरात असेल तर एलएन ही आज्ञा काम नाकारते. ही अडवणूक नव्हे, राखण आहे. कुणीतरी सांगितले म्हणून -एफ जोडले, तर ती राखण संपते. त्यात नावांचा क्रम उलटा झाला, तर मूळ फाईल पुसली जाऊन तिच्या जागी निकामी लिंक बसते. नवशिक्याने -एफ वापरूच नये.

दुसरा धोका अर्धवट पत्त्याचा. 'कोपऱ्यावरच्या दुकानापासून तिसरे घर' ही खूण त्या कोपऱ्यावर उभे असतानाच उपयोगाची. लिंकमध्ये असा सापेक्ष पत्ता लिहिला, तर तो लिंक जिथे ठेवली आहे तिथून मोजला जातो. आज्ञा देताना आपण कुठे होतो, याच्याशी त्याला देणेघेणे नाही. शिवाय सिम्बॉलिक लिंक करताना त्या पत्त्यावर खरेच काही आहे का, हे संगणक तपासत नाही. म्हणून लिंक केली की लगेच उघडून पाहावी.

तिसरा धोका पुसण्याचा. नुसती सिम्बॉलिक लिंक पुसली तर फक्त चिठ्ठी जाते, मूळ वस्तू सुरक्षित राहते. पण लिंक एखाद्या फोल्डरची असेल आणि तिच्या नावामागे तिरकी रेघ व तारका देऊन पुसण्याची आज्ञा दिली, तर संगणक चिठ्ठीवरच्या घरात शिरतो आणि तिथले सामान बाहेर फेकतो. लिंक पुसताना नावामागे काहीही लावू नये. अनलिंक ही साधी आज्ञा त्यासाठी अधिक बरी, कारण ती एका वेळी एकच नाव काढते.

चौथा धोका खोट्या निश्चिंतीचा. हार्ड लिंक केली म्हणजे फाईल दोन ठिकाणी जपली, असे वाटते. पण मजकूर एकच आहे. त्यात बिघाड झाला तर दोन्ही नावांनी बिघडलेलीच फाईल उघडेल. डिस्क गेली तर दोन्ही नावे जातील. त्यातही एक गंमत आहे. काही प्रोग्रॅम फाईल साठवताना जुन्या फाईलवर न लिहिता नवी फाईल तयार करून तिला जुने नाव देतात. मग दोन नावांची फारकत होते. एका नावाने दुरुस्त फोटो दिसतो, दुसऱ्या नावाने जुनाच.

कॉपी करताना

आता आजोबांच्या डिस्ककडे वळू या. फोल्डर कॉपी करण्याची नेहमीची आज्ञा सीपी -आर. लिनक्सवर ती आतल्या सिम्बॉलिक लिंक तशाच, चिठ्ठी म्हणून उतरवते. चिठ्ठीऐवजी खरी वस्तू हवी असेल, तर तिच्यात मोठे 'एल' अक्षर जोडावे लागते. पेन ड्राइव्हवर सहसा फॅट किंवा एक्सफॅट ही मांडणी असते. तिच्यात दोन्ही प्रकारच्या लिंकना जागाच नाही, त्यामुळे तिथे निदान चुकीची सूचना तरी मिळते. लिनक्सच्या मांडणीची डिस्क मात्र चिठ्ठ्या विनातक्रार ठेवून घेते.

कॉपी झाल्यावर तीन गोष्टी पाहाव्यात. एक, वेळ : काही गिगाबाइट क्षणात उतरत नाहीत. दोन, आकार : डीयू -एसएच ही आज्ञा फोल्डरने खरोखर किती जागा घेतली ते सांगते. तीन, आणि सर्वांत महत्त्वाचे : डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून फोटो उघडावेत. ज्या संगणकावरून कॉपी केली त्यावर केलेली परीक्षा ही परीक्षा नव्हे.

एवढे सांभाळले, तर लिंकसारखी सोय नाही. बारा अल्बममध्ये एक फोटो दिसतो आणि जागा एकाचीच लागते. मूळ फोटो एका फोल्डरमध्ये ठेवावेत, ते फोल्डर हलवू नये, त्याची खरी प्रत दुसऱ्या डिस्कवर असावी आणि अल्बम मात्र लिंकचे करावेत.

त्या घरात त्या रात्री सून आणि आजोबा पुन्हा कॉपी करायला बसले. या वेळी मूळ 'फोटो' फोल्डर उतरवले. पाऊण तास पडद्यावरची पट्टी हळूहळू सरकत होती.

"एवढा वेळ?" नातीने जांभई देत विचारले.

"लागू दे," आजोबा म्हणाले. "पणजी येतेय तुझी. सावकाश येऊ दे."

डिस्क सुनेच्या लॅपटॉपला लावली. मुंजीचा फोटो उघडला. कोपऱ्यात आई उभी होती. मगच रविवारी लॅपटॉप पुसायचे ठरले.