अझुसा स्ट्रीटच्या आधीचे केडगाव: मिशनऱ्यांच्या कागदपत्रांत कोणाचे नाव उरते? (थ्रेड)

१/ पेंटेकॉस्टल चळवळीचा इतिहास साधारणपणे एका दमात सांगितला जातो: एप्रिल १९०६, लॉस एंजेलिस, अझुसा स्ट्रीट, तेथून मिशनरी निघाले आणि भारत-चीनपर्यंत पोहोचले. ही कथा अर्धी खरी आहे. उरलेला अर्धा भाग पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावात आहे. तो गाळण्याचा दोष परक्यांइतकाच मराठी इतिहासलेखनाकडेही जातो.

२/ प्रथम प्रचलित कथेचे नायक पाहू. आल्फ्रेड आणि लिलियन गार हे दांपत्य अझुसा स्ट्रीटवरून निघालेल्या पहिल्या मिशनऱ्यांपैकी. १९०७ च्या आरंभी ते कलकत्त्यात होते. पवित्र आत्म्याने आपल्याला बंगालीचे दान दिले आहे, अशी आल्फ्रेड गार यांची श्रद्धा होती. बंगाली माणसांना मात्र त्यांचे बोलणे कळेना.

३/ त्याच वर्षी ऑक्टोबरात गार दांपत्य हाँगकाँगला गेले. चिनी लोकांतही अनुभव तोच आला. अखेर प्रवचन इंग्रजीत होई आणि मोक लाय ची हे स्थानिक ख्रिस्ती शिक्षक त्याचे भाषांतर करीत. चिनी श्रोत्यांच्या कानी पडले ते मोक यांचे शब्द. तरीही ही घटना कित्येक पुस्तकांत ‘गार यांचे चीनमधील कार्य’ याच मथळ्याखाली येते.

४/ याचे कारण कागदपत्रांच्या स्वरूपात आहे. मिशनरी पत्रे लिहीत ती मायदेशीच्या देणगीदारांसाठी, आणि ती तिकडच्या नियतकालिकांत छापली जात. अशा पत्रांत मिशनरी हा वाक्याचा कर्ता असतो आणि स्थानिक माणूस कर्म. मोक यांचे नाव टिकले, कारण जानेवारी १९०८ मध्ये त्यांनी स्वतःचे चिनी नियतकालिक सुरू केले. ज्याच्या हाती छापखाना, त्याची आठवण शाबूत.

५/ आता केडगाव. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत अनाथ मुली आणि विधवा त्यांनी मोठ्या संख्येने आश्रयास आणल्या. त्यातून मुक्ती मिशन वाढले. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी तेथील मुलींचे प्रार्थनामंडळ सुरू केले. जूनअखेरीस त्या वसतिगृहांत धर्मजागृतीची लाट उठली: अश्रू, पापांची कबुली, तासन्‌तास सामुदायिक प्रार्थना. अझुसा स्ट्रीटला अजून नऊ महिने अवकाश होता.

६/ येथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. पेंटेकॉस्टल परंपरेची खूण म्हणजे अन्य भाषांत बोलणे. त्याचे ठळक वृत्तांत मुक्तीतून येतात ते १९०६ च्या अखेरीस, अझुसानंतर. शिवाय १९०१ मधील कॅन्ससचे टोपेका त्याहून जुने. तेव्हा ‘पहिले केडगावच’ अशी बढाई मारण्यात अर्थ नाही.

७/ पण या आक्षेपाच्या मुळाशी एक व्याख्या दडलेली आहे. अन्य भाषा हाच आत्म्याच्या बाप्तिस्म्याचा अनिवार्य पुरावा, हे मत अमेरिकेतील एका प्रवाहाचे. रमाबाईंनी ते मान्य केले नाही. त्यांना ते अनेक दानांपैकी एक वाटे. व्याख्या अमेरिकेने ठरवायची आणि मग तिच्यात न बसणाऱ्या केडगावला ‘पूर्वपीठिका’ म्हणून तळटीपेत ढकलायचे, हा न्याय कुठला?

८/ प्रभावाची दिशा तपासायची तर मिनी एब्रॅम्स यांच्याकडे पाहावे. या अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी १८८७ मध्ये मुंबईत आल्या आणि पुढे रमाबाईंच्या सहकारी झाल्या. मुक्तीतील अनुभवांवर त्यांनी १९०६ मध्ये एक पुस्तिका लिहिली. ती त्यांनी चिलीतील वालपराइसो येथे मे हूवर या जुन्या सहाध्यायिनीला धाडली. मे आणि त्यांचे पती विलिस हूवर यांच्या मंडळीत १९०९ मध्ये जागृती झाली आणि तिच्यातून चिलीची पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली. ही वाट लॉस एंजेलिसवरून जात नाही.

९/ मात्र केवळ एब्रॅम्सबाईंचा गौरव करून थांबले, तर जुनीच चूक नव्या नावाने होईल. पुस्तिकेचे मूळ द्रव्य ज्यांच्या अनुभवातून आले, त्या मराठी आणि गुजराती मुली बहुतेक वृत्तांतांत फक्त ‘एक मुलगी’, ‘एक विधवा’ म्हणून वावरतात. त्याच पुढे टोळ्यांनी गावोगाव प्रचारास गेल्या. तेथेही त्यांची संख्या नोंदली जाते, नावे क्वचितच.

१०/ त्या निरक्षर आणि मूक होत्या, ही सबब चालणार नाही. मुक्तीत छापखाना होता आणि तो चालवीत स्त्रियाच. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून केलेले मराठी बायबल तेथेच छापले गेले. खिळे जुळवणारे हात लिहू-वाचू शकत होते. मग संशोधनाची भिस्त केवळ इंग्रजी अहवालांवर का?

११/ मराठी बाजूचा दोष निराळा. १८९३ मध्ये धर्मांतराच्या वादातून रानडे-भांडारकर शारदा सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. पुढे रमाबाईंना परत स्वीकारले ते ‘समाजसुधारक’ म्हणून. १९०५ चे केडगाव त्या चौकटीत मावेना, म्हणून वगळले. विदुषीची बुद्धी हवी, श्रद्धा नको, अशी ही निवड.

१२/ याचे परिणाम आजचे आहेत. गोरेगावपासून मुलुंडपर्यंत उपनगरांत दर रविवारी पेंटेकॉस्टल प्रार्थनासभा भरतात. त्यांचे टीकाकार म्हणतात, हे अमेरिकेतून आले. अनेक अनुयायीही अभिमानाने तेच सांगतात. दोघांनीही मिशनऱ्याचेच पत्र प्रमाण मानलेले असते. श्रद्धा पटो वा न पटो, तिचा एक उगम पुणे जिल्ह्यात आहे हे नाकारता येत नाही.

१३/ म्हणून मिशनऱ्याचे कोणतेही पत्र वाचताना तीन प्रश्न हाताशी असावेत. ते कोणाला लिहिले? भाषांतर कोणी केले? ‘एक मुलगी’ म्हटले आहे, तिचे नाव दुसऱ्या एखाद्या वहीत, हजेरीपटात, बाप्तिस्म्याच्या नोंदीत सापडते का? हाँगकाँगचे मोक लाय ची इतिहासात परतले आहेत. केडगावच्या मुली अजून दाराबाहेर उभ्या आहेत.

(समाप्त)