‘मे’ आणि ‘मस्ट’ चुंबकाकडून शिकावेत

बारावीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेतला एक प्रश्न विद्यार्थ्यांच्या चांगला ओळखीचा आहे : दिलेले वाक्य शक्यता दाखवणारे मोडल ऑक्झिलरी वापरून पुन्हा लिहा. शक्यता म्हटली की ‘मे’, क्षमता म्हटली की ‘कॅन’, बंधन म्हटले की ‘मस्ट’, सल्ला म्हटला की ‘शुड’. एवढा तक्ता पाठ असला की गुण पदरात पडतो. सोलापुरातल्या शाळांत आणि क्लासांत हा तक्ता वर्षानुवर्षे फळ्यावरून वहीत उतरतो आहे. तोच विद्यार्थी प्रयोगाचा निष्कर्ष इंग्रजीत लिहायला बसला की मात्र गडबडतो. जे नक्की ठाऊक आहे तिथे ‘मे’ लिहितो आणि जे अजून तपासलेलेच नाही तिथे ‘मस्ट’.

माझे म्हणणे असे की, ही क्रियापदे विज्ञानाच्या प्रयोगातून शिकवावीत आणि सुरुवात चुंबकापासून करावी. याला विरोध करणारे बहुतेक जण माझ्यासारखेच शिक्षक आहेत. त्यांचे आक्षेप अनुभवातून आलेले आहेत, म्हणून ते एकेक घेऊन उत्तर देणे मी माझे कर्तव्य समजतो.

पहिला आक्षेप इंग्रजीच्या शिक्षकांचा. व्याकरण नियमानेच पक्के होते, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर मराठी माणसांच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, मग चुंबकाच्या नादी लागून नियम कशाला पातळ करायचा, असे ते विचारतात. नियमाचे महत्त्व मला मान्य आहे. पण ‘शक्यता’ हे तक्त्यातले नुसते लेबल आहे. एखादी गोष्ट शक्य आहे की नक्की आहे हे ठरवायला बोलणाऱ्यासमोर काहीतरी पुरावा असावा लागतो. प्रश्नपत्रिकेतल्या सुट्या वाक्यामागे असा कोणताच पुरावा नसतो, त्यामुळे मुलाला खरी निवड करावीच लागत नाही.

आता हा प्रयोग पाहा. एकसारख्या दिसणाऱ्या तीन पट्ट्या कागदात गुंडाळून बाकावर ठेवा : एक पितळेची, एक साध्या लोखंडाची आणि एक चुंबकाची. मुलांच्या हाती ओळखीचा पट्टीचुंबक द्या. पहिल्या पट्टीजवळ चुंबक नेला, काहीच झाले नाही. मुले म्हणतील, ‘इट कॅनॉट बी आयर्न.’ दुसरी पट्टी ओढली गेली. ती लोखंड असेल किंवा चुंबकही असेल. इथे ‘इट मे बी अ मॅग्नेट’ एवढेच म्हणता येते, त्याहून जास्त म्हणणे खोटे ठरेल. मग तिचे दुसरे टोक चुंबकाच्या त्याच ध्रुवाजवळ न्यायचे. तेही ओढले गेले, म्हणजे ती चुंबक नाही. तिसऱ्या पट्टीचे एक टोक ओढले गेले आणि दुसरे दूर ढकलले गेले. प्रतिकर्षण ही चुंबकाची खरी कसोटी, हे मुले विज्ञानात शिकलेली असतात. आता कुणी ‘इट मस्ट बी अ मॅग्नेट’ म्हटले, तर तो ‘मस्ट’ त्याने स्वतः मिळवलेला आहे. त्याच पट्टीबद्दल क्षणापूर्वी ‘मे’ बरोबर होता, पुरावा वाढला आणि क्रियापद बदलले. पन्नास रिकाम्या जागा भरून हे कळत नाही. नियम यानंतर फळ्यावर अवश्य लिहावा. तेव्हा मुले तो समजून उतरवून घेतील.

दुसरा आक्षेप विज्ञानाच्या शिक्षकांचा, आणि तो अधिक वजनदार आहे. संकल्पना मातृभाषेतूनच समजते, तिच्यावर इंग्रजीचे ओझे टाकले तर विज्ञानही जाईल आणि इंग्रजीही, असे ते म्हणतात. यातला पहिला भाग मला शंभर टक्के मान्य आहे. आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत मुलांच्या घरची भाषा कन्नड होती. रणजितसिंह डिसले यांनी ती भाषा शिकून घेतली आणि पाठ्यपुस्तकातला मजकूर मुलांच्या भाषेत नेला. २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, त्यामागे हे कामही होते. म्हणून माझा आग्रह क्रमाचा आहे. सहावीतली ‘चुंबकाची गंमत’ आणि सातवीतले चुंबकीय क्षेत्राचे गुणधर्म आधी मराठीतून नीट समजू द्यावेत. मग तोच प्रयोग इंग्रजीच्या तासाला पुन्हा करावा. आशय आधीच कळलेला असल्याने मुलाचे सगळे लक्ष भाषेवर राहते. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली ‘दर्पण’ काढले तेव्हा मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारच्या स्तंभांत छापला. तशीच मांडणी फळ्यावर करावी : डावीकडे मुलांचे मराठी निरीक्षण, उजवीकडे तेच इंग्रजीत. विज्ञान आणि गणितासाठी दर्जेदार द्विभाषिक साहित्य तयार करण्याची गोष्ट २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही आहे.

आणि सेमी-इंग्रजीचे काय? त्या वर्गांत विज्ञान इंग्रजीतूनच चालते. पानोपानी ‘कॅन’, ‘मे’, ‘शुड’ येतात. विज्ञानाचे शिक्षक म्हणतात, ते इंग्रजीचे काम. इंग्रजीचे म्हणतात, तो विज्ञानाचा धडा. या दोघांच्या मध्ये मूल एकटे पडते. दोन तासांची सांगड घातली की ही तक्रारच उरत नाही.

तिसरा आक्षेप पालकांचा : सोलापूरच्या मुलांच्या डोक्यावर आधीच भाषांचा भार आहे. पूर्व भागात घरी तेलुगू, कुठे कन्नड, कुठे उर्दू, शाळेत मराठी आणि वर हिंदी-इंग्रजी. पण हा भार नव्हे, हे आपल्या मुलांचे भांडवल आहे. ‘असेल’, ‘असावे’ आणि ‘असणारच’ यांतला फरक मराठी बोलणारे मूल कधीच चुकत नाही, आणि खात्रीच्या पायऱ्या त्याच्या घरच्या भाषेतही असतात. दोन-तीन भाषांत ज्याने या पायऱ्या चढल्या आहेत, त्याला चौथ्या भाषेत फक्त शब्द नवे लागतात. पट्टी हातात असताना ‘तुमच्या घरी हे कसे म्हणाल?’ असे विचारले की वर्गातल्या सगळ्या भाषा कामाला लागतात.

चौथा आक्षेप साधनांचा आणि वेळेचा. त्याला उत्तर मुलांच्या दप्तरातच आहे. आजचे रुपयाचे नाणे चुंबकाला चिकटते, ऐंशीच्या दशकातले तांबे-निकेलचे नाणे चिकटत नाही. स्टीलचे काही चमचे चिकटतात, काही चिकटत नाहीत, कारण स्टेनलेस स्टीलचे प्रकार वेगवेगळे. म्हणून ‘अ मॅग्नेट कॅन अट्रॅक्ट आयर्न’ हे चुंबकाच्या गुणाबद्दलचे वाक्य, आणि ‘इट मे अट्रॅक्ट धिस स्पून’ हे आपल्याला किती ठाऊक आहे त्याबद्दलचे. ‘कॅन’ वस्तूबद्दल बोलतो, ‘मे’ आपल्या ज्ञानाबद्दल. यंत्रमागावर काम करणाऱ्या घरातले मूल धोटा घेऊन येईल. त्याचे लाकूड चिकटत नाही, पोलादी टोक चिकटते. एका धोट्यावर ‘कॅन’ आणि ‘कॅनॉट’ दोन्ही शिकवून होतात.

‘मस्ट नॉट’ आणि ‘नीड नॉट’ यांची मराठी मुलांकडून हमखास गल्लत होते. ‘मस्ट’ म्हणजे ‘पाहिजे’ असे पाठ केलेले असते, म्हणून ‘मस्ट नॉट’चा अर्थ ‘गरज नाही’ असा लावला जातो. प्रयोगाच्या सूचनांत ही चूक महाग पडते. चुंबक तापवायचा नाही, आपटायचा नाही, कारण त्याचे चुंबकत्व कमी होते. लोखंड तर ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापले की कायम चुंबक राहू शकत नाही. तिथे ‘मस्ट नॉट’. कागदातून, कापडातून चुंबक ओढतोच, तेव्हा टाचणीवरचा कागद काढण्याची गरज नाही. तिथे ‘नीड नॉट’. पहिल्यात मनाई आहे, दुसऱ्यात मोकळीक.

हे सगळे शाळेपुरते नाही, हे महाराष्ट्राच्याच इतिहासात दिसते. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवायचे ठरले, तेव्हा त्या विजेने नोंदी बिघडू शकतात हे शास्त्रज्ञांनी ओळखले. ‘बिघडू शकतात’ पासून ‘जागा बदललीच पाहिजे’ पर्यंत ते पोहोचले, आणि १९०४ साली अलिबागला अचुंबकीय साहित्याची नवी वेधशाळा उभी राहिली. विज्ञानातले निर्णय असेच होतात : शक्यता मोजायची, पुरावा तोलायचा, मग कर्तव्य ठरवायचे. ‘मे’, ‘मस्ट’, ‘शुड’ ही या विचाराची इंग्रजीतली अवजारे आहेत.

चुंबकाची मर्यादाही सांगितली पाहिजे. परवानगी मागणारा ‘मे आय’ आणि विनंती करणारा ‘कुड यू’ चुंबक शिकवणार नाही. ते बाजारात, कचेरीत, माणसांशी बोलताना शिकावे लागतात. पण खात्री, शक्यता, अशक्यता, मनाई आणि गरज या पाचांसाठी चुंबकाइतका स्वस्त आणि प्रामाणिक शिक्षक दुसरा नाही.

म्हणून सोलापुरातल्या शाळांना माझी विनंती आहे. सहावी-सातवीच्या इंग्रजी आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी सत्राच्या सुरुवातीला एकत्र बसून चुंबकाच्या पाठाचा एक जोडतास आखावा. घटक चाचणीत सुटे वाक्य देण्याऐवजी एक निरीक्षण द्यावे, मुलाला निष्कर्ष लिहू द्यावा आणि ‘मे’ का, ‘मस्ट’ का, याचे कारण विचारावे. कारण चुकले तर गुण कापावा, कारण पटले तर पूर्ण द्यावा. जे मूल पुराव्याएवढेच बोलायला शिकते, ते इंग्रजीत चुकले तरी लवकर सुधारते आणि कोणत्याही भाषेत त्याला सहजासहजी फसवता येत नाही. आपल्याला असे विद्यार्थी घडवायचे आहेत, आणि त्यासाठी लागणारा चुंबक प्रत्येक शाळेच्या कपाटात पडून आहे.