मुक्त आज्ञावली आणि स्वावलंबन

काही दशकांपूर्वी पिंपळे सौदागर हे पवनाकाठचे शेतीचे गाव होते. आज तेथील उंच इमारतींतून असंख्य संगणक अभियंते रोज हिंजवडीकडे जातात आणि देशोदेशीच्या कंपन्यांचा कारभार वाहणाऱ्या यंत्रणा सांभाळतात. या यंत्रणांचा मोठा आधार म्हणजे 'कंटेनर'. आज्ञावली आणि तिला लागणारे सारे साहित्य एका पेटीत बांधले की ती कोणत्याही लिनक्स सर्व्हरवर सारखीच चालते. २०१३ मध्ये आलेल्या 'डॉकर'ने हे तंत्र सुलभ केले. अशा हजारो पेट्यांचे नियोजन करणारे 'कुबरनेटिस' गूगलने २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले केले.

मात्र मुक्त म्हणजे फुकट, हा समज घातक आहे. 'टेराफॉर्म' या लोकप्रिय साधनाचा मुक्त परवाना मालक कंपनीने २०२३ मध्ये बदलला. तेव्हा जाणकारांनी आधीची खुली आज्ञावली घेऊन 'ओपनटोफू' उभे केले. अधिकार सर्वांनाच होता; तो वापरता आला तो मूळ आज्ञावली जाणणाऱ्यांना.

जेथे असा अधिकारच नसतो, तेथे काय होते? जुलै २०२५ मध्ये युरोपीय निर्बंधांपाठोपाठ मायक्रोसॉफ्टने नायरा एनर्जी या भारतातील तेलकंपनीच्या सेवा रोखल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले, मग सेवा पूर्ववत झाल्या. पैसे मोजूनही किल्ली परक्या हातीच होती.

पुण्याला हा धडा नवा नाही. अमेरिकेने महासंगणक नाकारला, तेव्हा १९८८ मध्ये येथे 'सी-डॅक' उभे राहिले आणि डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' साकारला.

जगाने खुले केलेले ज्ञान असताना सारे नव्याने कशाला घडवायचे, असे कोणी विचारील. तसे करण्याची गरजही नाही. स्वदेशी म्हणजे दारे बंद करणे नव्हे. परंतु घेणाऱ्याने देणाराही व्हावे. केंद्र सरकारने २०१५ मध्येच मुक्तस्रोत आज्ञावलींना प्राधान्य देणारे धोरण स्वीकारले. आता कंपन्यांनी अभियंत्यांच्या कामाचे काही तास मूळ प्रकल्पांतील योगदानासाठी राखावेत आणि महाविद्यालयांनी त्या योगदानाला गुण द्यावेत. पेटी उघडण्याची मुभा सर्वांनाच आहे. ती दुरुस्त करू शकणारे हात आपले असतील, तरच ती आपली.