गृहस्थधर्म : दारावर आलेले समन्स



क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचा दावा दाखल होतो, बेलीफ समन्स घेऊन दारी येतो आणि घरातील कर्ता पुरुष ते स्वीकारण्याचेच नाकारतो. सही केली नाही म्हणजे दावा लागू होत नाही, ही समजूत कोल्हापुरातील सुशिक्षित घरांतही आढळते. ती चुकीची आहे. समन्स नाकारले तरी न्यायालय ते बजावले गेल्याचे धरू शकते, आणि पुढील कामकाज आपल्या अनुपस्थितीत चालते.

या मौनाची किंमत महाराष्ट्राने पूर्वी मोजली आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल करून कर्जरोखे जाळले. दंग्यांच्या चौकशीत दिसून आले की, कुळे न्यायालयात हजरच होत नसत आणि हुकूमनामे एकतर्फी होत. म्हणून १८७९ च्या शेतकरी साहाय्य कायद्याने रोख्यामागील मूळ व्यवहार तपासण्याचे बंधन न्यायालयावर घातले. कार्डधारकाला असे खास संरक्षण नाही. आपला हिशेब तपासून घ्यावयाचा असेल, तर त्यालाच हजर राहिले पाहिजे.

आता घराचा प्रश्न. कार्डाचे कर्ज विनातारण असते. घर गहाण नसल्यामुळे २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक त्या थकबाकीसाठी घराचा ताबा घेऊ शकत नाही. वसुली प्रतिनिधीने तशी धमकी दिली, तरी घाबरू नये. मात्र हुकूमनामा झाल्यावर बँक दरखास्त दाखल करून कर्जदाराच्या मिळकतीची जप्ती व लिलाव मागू शकते. शेतकऱ्याच्या राहत्या घराला दिवाणी प्रक्रिया संहितेत जे संरक्षण आहे, ते शहरातील नोकरदाराच्या सदनिकेला सरसकट नाही. म्हणून घर वाचविण्याची खरी वेळ हुकूमनाम्यापूर्वीची असते.

समन्स आल्यावर प्रथम दाव्याचा प्रकार पाहावा. संक्षिप्त दावा असेल, तर दहा दिवसांत हजेरी नोंदवावी लागते. साध्या दाव्यात कैफियतीसाठी तीस दिवस असतात. सर्व मासिक विवरणपत्रे मागवून मुद्दल, व्याज व दंड वेगळे काढावेत. दाव्याची सामान्य मुदत तीन वर्षांची आहे. परंतु मुदतीच्या आत केलेला भरणा किंवा लेखी कबुली यांमुळे ती नव्याने सुरू होऊ शकते. म्हणून कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी वकिलांचा सल्ला घ्यावा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना उत्पन्नाची अट न लावता विनामूल्य वकील मिळू शकतो.

लोकअदालतीतील तडजोड हा चांगला मार्ग आहे. तथापि तिचा निवाडा हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नसते. जेवढा हप्ता प्रपंचाला पेलेल, तेवढाच तेथे कबूल करावा.

घाईने पत्नीच्या नावे बक्षीसपत्र करण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो मानू नये. धनको बुडविण्यासाठी केलेले हस्तांतरण १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याखाली रद्द करून घेता येते. शिवाय सत्य आणि अचौर्य ही अणुव्रते गृहस्थासाठीच सांगितलेली आहेत. देणे लपविणे त्यांत बसत नाही. त्याचप्रमाणे, लागू नसलेले व्याज मुकाट्याने भरावे, असेही कोणते व्रत सांगत नाही.

परिग्रह-परिमाणाची आठवण खरे तर कार्ड घेतानाच व्हावयास हवी होती. ती झाली नाही म्हणून कोणी श्रावक हीन ठरत नाही. अनेक घरांत कर्जापेक्षा लोकलाजेने अधिक हानी होते. पत्नीला समन्स ठाऊक नसते, आणि जप्तीची नोटीस मात्र सर्वांसमोर येते. प्रतिक्रमणात आपण दोष उच्चारून त्यापासून मागे फिरतो. ज्यांच्या कपाटात असा लिफाफा न उघडता पडला असेल, त्यांनी आज रात्रीच्या जेवणापूर्वी तो घरच्यांसमोर उघडावा. घर सर्वांचे आहे. ते वाचविण्याचा विचारही सर्वांनी मिळून करावा.