काळजीने हाडे झिजतात का?

वर्षावासात विहारातले ग्रंथवाचन आटोपले की आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या आया एकमेकींचा हात धरून उठतात. परवा एक आई प्लास्टरातला हात दाखवीत म्हणाल्या, "बाई, काळजीनं हाडं पोखरली माझी." न्हाणीत पाय घसरला तेवढेच निमित्त, मनगट मोडले. १९८२ च्या संपानंतर नवऱ्याची गिरणी उघडलीच नाही. यांनी धुणीभांडी करून लेकरे शिकवली.

आम्ही हसणार होतो. परंतु आईंचे बोलणे अगदीच खोटे नाही.

मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. मन धास्तावले की त्यांतून कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य रक्तात उतरते. घटकाभर उतरले तर बिघडत नाही. हाड म्हणजे काही दगड नव्हे, जुने झिजते नि नवे भरते, हे काम जन्मभर चालते. कॉर्टिसॉल फार काळ वाढलेले राहिले की भरणाऱ्या पेशी हात आखडतात, आतड्यांतून कॅल्शियमही कमी शोषले जाते. अमेरिकेतील डॉ. हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली ज्या आजाराचे वर्णन केले, त्यात हे द्रव्य बेसुमार वाढते व हाडे ठिसूळ होतात. दम्यासाठी, सांध्यांसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या महिनोन् महिने घेणाऱ्यांचेही तेच होते. (औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणणाऱ्यांनी हे ऐकावे. मात्र डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या एकदम बंद करू नयेत.)

संसाराच्या काळजीने कॉर्टिसॉल तेवढे वाढत नाही, हेही सांगितले पाहिजे. तिथे नुकसान आडवाटेने होते. झोप उडते. सगळ्यांना वाढून उरेल ते बाई खाते, भूक मिशरीवर मारते. पुरुष विडी नि बाटली जवळ करतो, ती दोन्ही हाडांची वैरीच. त्यात पाळी गेली की बाईची हाडे आणखी वेगाने झिजतात.

किरकोळ पडण्याने हाड मोडले तर प्लास्टर काढून विषय संपवू नका. हाडांची घनता तपासायची का, हे डॉक्टरांना विचारा. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सुकटही चांगली. रोज थोडे ऊन, थोडे चालणे हवे. झोपण्यापूर्वी दहा मिनिटे आनापान करा, मन निवते. आणि घरातल्या कर्त्या मुलांनो, उधारीचा हिशेब एकट्या आईच्या डोक्यावर ठेवू नका.

त्या आईंकडे नाचणीची भाकरी सुरू झाली आहे. मिशरीची डबी मात्र अजून कनवटीलाच आहे.