जुन्या मोटारीचा सूर आणि न दिसणारा धूर

प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. तरी पद्मिनी, अॅम्बेसेडर आणि त्याहून जुन्या मोटारी जपणारे हौशी लोक कमी नाहीत. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी 2021 पासून नोंदणीची वेगळी व्यवस्थाही आहे. या हौसेला नावे ठेवण्याचे कारण नाही. काळजी आहे ती या गाड्या ज्या पद्धतीने ‘ट्यून’ होतात, त्याची.

दृश्य ओळखीचे आहे. पावसामुळे गॅरेजचे शटर अर्धे ओढलेले. इंजिन सुरू. मिस्त्री कान लावून कार्बोरेटरचा स्क्रू पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे फिरवतो. हाताखालचा पोरगा सायलेन्सरजवळ बसून रेस कमी-जास्त झाल्याचे सांगतो. अर्ध्या-पाऊण तासाने इंजिन लयीत येते. तोवर त्या पोराचे डोके दुखू लागलेले असते, मळमळते. उपाशीपोटी काम केले, पित्त झाले, असे म्हणून त्याला चहा पाजला जातो. मोकळ्या हवेत त्याला बरे वाटते आणि विषय तिथेच संपतो.

अनेकदा ते पित्त नसते. ती कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा असते.

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते. हवा कमी पडली की कार्बन अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. अडचण अशी, की कार्बोरेटरचे इंजिन सर्वांत शांत चालते ते पेट्रोल थोडे जास्त असताना. म्हणजे कानाला गोड लागणारा सूर फुप्फुसाला गोड असेलच असे नाही. काळा धूर डोळ्यांना दिसतो, कच्च्या पेट्रोलचा वास नाकाला येतो. या वायूला मात्र ना रंग, ना वास.

31 मार्च 2000 पूर्वी बनलेल्या पेट्रोल मोटारींना पीयूसी चाचणीत 3 टक्के कार्बन मोनॉक्साइडची मुभा आहे. बीएस-4 मोटारींना 0.3 टक्के. म्हणजे चाचणीत पास झालेली जुनी गाडीसुद्धा नव्या गाडीच्या दसपट विष सोडू शकते. एक ढोबळ हिशेब पाहू. सुमारे 1100 सीसीचे इंजिन आयडलिंगला मिनिटाला साधारण 100 लिटर धूर सोडते. त्यात 3 टक्के धरले, तर मिनिटाला 3 लिटर कार्बन मोनॉक्साइड. सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि तेवढ्याच उंचीच्या बंद गाळ्यात दहा मिनिटांत हवेच्या दर दहा लाख भागांत पाचशेहून अधिक भाग हा वायू होतो. आपल्याकडील बाहेरच्या हवेचे तासाभराचे मानक साधारण साडेतीन भाग आहे.

रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा या वायूला 200 ते 250 पट घट्ट धरून ठेवते. साध्या हवेत त्याचे प्रमाण निम्मे व्हायला चार ते सहा तास लागतात, शुद्ध ऑक्सिजन दिल्यास सुमारे दीड तास. शिवाय बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो: विषबाधा असतानाही आकडा उत्तम दाखवतो. हृदयविकाराचे रुग्ण आणि गर्भवती यांना धोका अधिक. गॅरेजमध्ये डोके दुखत असेल, तर रुग्णाने डॉक्टरांना कामाची जागा सांगावी आणि डॉक्टरांनीही ती विचारावी.

यावर उपाय महाग नाही. कामाचा क्रम तेवढा बदलावा लागेल. आज हात आधी कार्बोरेटरकडे जातो. तो शेवटी जायला हवा. आधी सायलेन्सर, त्याचे जोड आणि मॅनिफोल्डचे गॅस्केट तपासावे. गळती असेल, तर तळाच्या गंजलेल्या पत्र्यातून धूर थेट केबिनमध्ये येतो. मग प्लग, पॉइंटची फट आणि टायमिंग. तेही टायमिंग लाइट लावून. टायमिंग मागे पडले की इंजिन अडखळते, आणि ती अडखळ झाकण्यासाठी पेट्रोल वाढवले जाते. हे निदान न करता ताप उतरवण्याची गोळी देण्यासारखे आहे. सर्वांत शेवटी कार्बोरेटर, तोही कानाबरोबर गॅस अॅनालायझरचा आकडा बघून. पीयूसीपुरता स्क्रू आवळायचा आणि नंतर पुन्हा सैल करायचा, ही चलाखी मालकाच्या स्वतःच्याच घरावर उलटते.

आणि हे सारे उघड्यावर करावे. पाऊस असेल तर गाडीचे मागचे तोंड शटरबाहेर काढावे, नाही तर सायलेन्सरला नळी जोडून धूर बाहेर सोडावा. कोणाला भोवळ आली, तर आधी त्याला मोकळ्या हवेत आणावे, इंजिन बंद करावे आणि थेट रुग्णालय गाठावे.

जुनी मोटार जपणारा मालक तिच्या मूळ सुट्या भागासाठी महिनोन्‌महिने वाट पाहतो, हवे तेवढे पैसे मोजतो. सायलेन्सरजवळ बसलेल्या पोराच्या श्वासासाठी शटर पूर्ण वर करायला मात्र काहीच खर्च येत नाही.