नाळ कापायची एवढी घाई कशाला?

मंडळी, मागच्या आठवड्यात आमच्या घरी चांगलीच वादावादी झाली. नातीला आठवा महिना लागलाय. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या हृदयात दोष दिसला, तेव्हापासून सगळेच धास्तावलेले. मी एवढंच म्हणालो, की नाळ जरा थांबून कापा असं डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवू. झालं! व्याही उसळलेच. "मास्तर, तुमाले काय समजते त्यातलं? हृदयाचं दुखणं हाय त्या लेकराले, त्याले तं लवकर मोकळं कराव लागते!"

खरं आहे, मी मराठी माध्यमाचा बी.ए. जन्मभर व्याकरण शिकवलं. पण वाचता येतं, आणि "का?" विचारता येतं.

बाळ बाहेर आलं तरी त्याचं बरंचसं रक्त अजून वारेत असतं. नाळ धडधडत असते, तोवर ते बाळाकडे येत राहतं. पहिल्या मिनिटात सुमारे 80 मिलीलीटर, तीन मिनिटांत 100 च्या आसपास. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून पाव लिटरच्या आसपास रक्त, हे लक्षात घ्या म्हणजे हिशोब कळेल. दुसरी गोष्ट, पोटात असताना फुप्फुसं बंदच असतात, त्यामुळे हृदयाच्या डाव्या बाजूला भरायला रक्त मुख्यतः वारेकडूनच येतं. श्वास सुरू होण्याआधीच नाळ चिमटली तर तो पुरवठा एकदम तुटतो. ऑस्ट्रेलियात 2013 साली कोकरांवर प्रयोग करून हे दाखवलं गेलं. मग ज्याचं हृदय आधीच अधू, त्यालाच हा धक्का आधी का द्यायचा?

जागतिक आरोग्य संघटनेने 2014 साली सांगितलं, एक मिनिटाच्या आत नाळ कापू नका. लगेच कापायची पद्धत विसाव्या शतकात रुळली ती आईचा रक्तस्राव थांबावा म्हणून. पुढे कळलं की त्याने तो कमी होत नाही. कारण गेलं, सवय मात्र राहिली!

आता विरोधी बाजू. हृदयाचा दोष असलेल्या बाळाला जास्त रक्त झेपेल का, कावीळ वाढेल का, निळ्या बाळाचं रक्त तर पुढे घट्टच होतं, मग आणखी कशाला? हे प्रश्न खोटे नाहीत. माझ्या शाळेत चौथीत एक मुलगी होती, ओठ जांभळे, कवायतीत चार पावलं चालली की उकिडवी बसायची. तिची आठवण आली की मीही गप्प होतो. पण रक्त घट्ट होणं ही पुढची गोष्ट. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तर प्रत्येक बाळाचं हिमोग्लोबिन उतरतं, आणि गंभीर दोषाचं ऑपरेशन बहुधा याच काळात किंवा त्याआधीच येतं. अमेरिकेत 2015 साली अशा 30 बाळांवर अभ्यास झाला. निम्म्यांची नाळ दोनेक मिनिटांनी कापली. त्यांना अपाय झाला नाही, रक्त जास्त राहिलं, बाहेरचं रक्त कमी बाळांना द्यावं लागलं. तीस म्हणजे फार थोडी, मान्य. पण थांबायला पुरावा मागणाऱ्यांनी घाईला कधी पुरावा मागितला होता?

आमच्या धाकट्याच्या मुलाच्या वेळी (दवाखान्याचं नाव घेत नाही) बाळ बाहेर येताच नाळ कापली. छिद्र आहे हे चौथ्या महिन्यात कळलं. घाईने छिद्र पडलं असं मी म्हणत नाही, ते आधीचंच. पण ऑपरेशनच्या आदल्या रात्री रक्तासाठी आम्ही तिघं वणवण फिरलो, तेव्हा वारेबरोबर फेकलेलं ते अर्धं भांडं मला आठवत राहिलं. दोष असलेल्या कितीतरी बाळांचं निदान असंच उशिरा होतं. म्हणजे जन्माच्या वेळी कोणाचं हृदय कसं आहे हे ठाऊकच नसतं, आणि कात्री मात्र सगळ्यांवर सारखीच चालते.

वर आणखी नाळेचं रक्त साठवून ठेवा म्हणणाऱ्या खाजगी बँका! पुढे बाळाच्याच उपयोगी पडेल म्हणतात. अहो, ते आत्ताच त्याच्या उपयोगी पडतंय ना? स्वतःसाठी साठवण्याला शास्त्रीय आधार नाही असं आयसीएमआरने 2017 सालीच म्हटलंय.

आमच्या रोहण्याची जुनी सुईण वार पडल्याशिवाय नाळ कापत नसे. तिचा विळा मात्र मला नको, धनुर्वाताने लेकरं गेलेली पाहिली आहेत. फक्त तिचा धीर हवा.

बाळ रडलं नाही, श्वास द्यावा लागला, तर गोष्ट वेगळी. काही दोषांत लगेच उपचार लागतात, तेही डॉक्टरच ठरवतील. ते कारण सांगून नाही म्हणाले तर मी मुकाट ऐकेन. "आमच्याकडे असंच करतात" हे मात्र कारण नाही.

नातीच्या फाइलला मी चिठ्ठी टाचली आहे: "नाळ किमान एक मिनिट थांबून कापता येईल का? नसल्यास का?" जावईबापू म्हणाले, आजोबा, अक्षर मोठं काढा. काढलं. पुढची तारीख येत्या मंगळवारी, सेवाग्रामला. व्याही म्हणतात, तेही सोबत येणार आहेत.